अकोल्याची टिकली

आमच्या आईचा राग माश्यांवर नव्हता, भिंतीतल्या भोकांवर होता.

अकोल्याला जठारपेठेत आमचं घर, आणि घरामागं पांढऱ्या मातीची जुनी भिंत. काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण भिंतीच्या कामाची नाही. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आमच्याकडं भिंती पांढरीच्या. हे जसं माणसांना कळलेलं होतं तसं माश्यांनाही कळलेलं होतं. भादवा लागला की निळ्या पट्ट्यांच्या माश्या यायच्या, भिंतीशी तोंड लावून अधांतरी थरथरत राहायच्या आणि मग जबड्यांनी माती उकरून आत शिरायच्या. दिवाळीच्या आधी आई शेणमातीनं भोकं लिंपायची आणि पुढच्या भादव्यात तीच भिंत पुन्हा चाळणी व्हायची. "ह्यायले साऱ्या अकोल्यात दुसरी भित भेटत नाही का वं?" असं ती मलाच विचारायची. जसं काही मीच त्यांना चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं.

पुढं अमरावतीला एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतल्यावर मी खरंच त्या माश्यांच्या बाजूची झाले. ही साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मुलीनं एम.एस्सी. करायचं आणि तेही किड्यांचं, हे ऐकून पाहुणे माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. वडील शाळामास्तर होते. ते म्हणायचे, "शिकू द्या. घरी बसून तरी काय करणार आहे, भांडणच करील." वडिलांचं माझ्याबद्दलचं मत असं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही.

माझ्या सरांना निवृत्त व्हायला तेव्हा एक वर्ष राहिलेलं होतं. अख्खी हयात त्यांनी रानमाश्यांत घालवली. रानमाश्या म्हणजे पोळं न करणाऱ्या, मध न देणाऱ्या, एकेकट्या भोकांत राहणाऱ्या. लोक हसायचे. मध देत नाही तर तिच्यामागं कशाला लागायचं, हा वऱ्हाडातला साधा हिशेब. सर वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत आणि मला 'बाई' म्हणत. चिडले की मात्र मूळचं वऱ्हाडी वर यायचं, आणि मग मी 'पोरी' व्हायचे. चिडायचेही बरेच. मीही काही कमी नव्हते. प्रयोगशाळेचा गडी म्हणायचा की तुम्ही दोघं आत असले की बाहेर कळते.

सरांचं एक जुनं भांडण होतं, आणि ते परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाशी होतं. अमरावतीच्या भिंतीतली माशी आणि अकोल्याच्या भिंतीतली माशी या दोन वेगळ्या जाती आहेत, असं सरांचं म्हणणं. अमरावतीच्या माशीचे पट्टे धोतराला घालायच्या निळीसारखे निळे. अकोल्याच्या माशीचे हिरवट झाक मारणारे. अकोल्याची जात अजून कुणी नोंदवलेली नाही, ती नवी आहे, असं त्यांना तरुणपणापासून वाटत होतं. टाचणीला लावलेल्या माश्या त्यांनी बोटीनं पाठवल्या. तिकडून उत्तर आलं की पंखांच्या शिरा सारख्या, जीभ सारखी, सगळं अंग सारखं. केसांचा रंग उन्हानं आणि वयानं विटतो, त्यावरून जात ठरत नाही. माशी एकच आहे. सरांनी पुन्हा पाठवल्या. पुन्हा तेच उत्तर. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

मी त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांच्या हाती नवं हत्यार आलं होतं. या माशीच्या पोटाच्या टोकाशी, नांगीच्या मुळाला लागून, एक बारीक नळीसारखी ग्रंथी असते. तिच्यातल्या रसानं माशी भिंतीतली आपली कोठी आतून सारवते. तो रस तेलकट असतो. सुकला की चकचकीत थर बसतो आणि पावसाची ओल पिल्लापर्यंत पोचत नाही. हा रस कशाकशाचा बनलेला आहे हे प्रत्येक जातीचं आपलं वेगळं असतं, आणि दिसायला सारख्या माश्या त्यावरून ओळखता येतात, असं तिकडची मंडळी म्हणू लागली होती. सरांनी ते वाचलं आणि टेबलावर हात आपटला. "रंग विटत असेल," ते म्हणाले, "पण रस तर नाही ना विटत? काढा बाई, दोघींचा रस काढा."

ही एक माशी लागली की मी मोकळा, असंही ते म्हणाले. हे ते अधूनमधून म्हणायचे. त्यांच्या नावावर मोठं असं काही नव्हतं. वर्गमित्र कुठं कुठं पोचले होते, मुंबईला, दिल्लीला, आणि सर अमरावतीत पहिल्या वर्षाला बेडूक शिकवत राहिले होते. जगाच्या यादीत वऱ्हाडातली एक माशी वऱ्हाडच्या माणसानं घातली, एवढंच त्यांना हवं होतं. निवृत्तीच्या आत. नंतर प्रयोगशाळा कोण देणार होतं त्यांना?

काम कसं करायचं याचे त्यांचे नियम कडक होते. ग्रंथी काढायची ती किडे चिरायच्या नेहमीच्या मेणाच्या तबकात नाही, काचेवर. न जाणो मेणाचा अंश लागला तर रसात भेसळ. चिमटा दर वेळी ईथरनं धुवायचा. डोक्याला तेल लावलेल्या दिवशी कामाला बसायचं नाही. काढलेली ग्रंथी बारक्या कुपीत ईथरमध्ये टाकायची, म्हणजे रस त्यात उतरतो. कुपीला बूच; पण बुचाचा राप ईथरमध्ये उतरू नये म्हणून बुचाखाली कापसाचा बोळा. हा बोळ्याचा नियम सरांचा खास होता. एकदा मी बोळा विसरले तर असे कडाडले की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली.

अमरावतीच्या माश्या सरांच्या घराजवळच्या एका पडक्या भिंतीत मिळायच्या. त्यांच्या ग्रंथी मी प्रयोगशाळेतच काढायचे, आणि बोळे असायचे दवाखान्यातल्या कापसाचे, निळ्या कागदात गुंडाळलेला येतो त्या. अकोल्याच्या माश्यांसाठी मात्र मी घरी जायचे. सरांनी दिलेला छोटा सूक्ष्मदर्शक माजघरात खिडकीशी मांडायचे आणि सकाळी भिंतीवर माशी धरून लगेच काम उरकायचे. पहिल्याच खेपेला कापूस न्यायला विसरले. म्हटलं, बाजारात जाऊन औषधाच्या दुकानातून एक गुंडाळी आणते.

आई बघतच राहिली. "कापूस इकत आणशील? अकोल्यात राहून? लोक हासतीन वं!"

खरंच होतं ते. माझे मामा जिनिंगमध्ये होते, आमची गावाकडं शेती होती, घरात कोनाड्यापासून माळ्यापर्यंत कापूस. अकोल्यात कापूस विकत घ्यायचा म्हणजे नदीकाठी राहून पाण्याची बाटली आणण्यासारखं. आईनं डबा उघडला. तिनं वातींसाठी स्वतः निवडलेला कापूस होता तो, सरकी काढलेला, कचऱ्याचा कण नाही, हातात घेतला तर हात आहे की नाही कळू नये इतका मऊ. "घे," ती म्हणाली, "देवाले चालते, तं तुह्या माशीले नाही चालणार का?" मी घेतला. त्या कापसाइतकं स्वच्छ माझ्या प्रयोगशाळेतही काही नव्हतं असं मला वाटलं, आणि मी तसं सरांना सांगितलंसुद्धा. सरांनी बोळा चिमटीत धरून उजेडाकडं पाहिला. "वा," म्हणाले, "कापूस असावा तर असा."

मग त्या कुप्या घेऊन मी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून अमरावतीला. कुप्या मांडीवर, पदराखाली. ईथर म्हणजे ठिणगी पडली की संपलं. एकदा शेजारच्या बाबानं बिडी शिलगावली तर मी अशी ओरडले की तो पुढच्या स्टेशनला डबाच बदलून गेला. गाडीत कुप्या हलायच्या, ईथर वर उसळायचं, बोळे भिजायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. बोळे होते म्हणून तर बुचाला ईथर लागत नव्हतं.

रस तपासायची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा, भट्टीत वाळवायचा. खालच्या कडेला शेजारी शेजारी एकेका कुपीतला थेंब ठेवायचा, प्रत्येक थेंबाची आपली रांग. मग ती पट्टी द्रावणाच्या बरणीत उभी करायची. द्रावण लेपातून वर चढतं आणि थेंबातले पदार्थ आपापल्या वकुबाप्रमाणे कमीजास्त वर नेऊन सोडतं. शेवटी पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली की जिथं जिथं पदार्थ आहे तिथं तपकिरी ठिपका उमटतो. सारखे पदार्थ सारख्या उंचीवर. ज्याला माश्यांतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही दोन रांगा सारख्या आहेत की नाहीत ते दिसतं.

पहिल्या पट्टीवर अमरावतीच्या माशीचे तीन ठिपके आले. अकोल्याच्या माशीचेही तेच तीन, त्याच उंचीवर. पण वर, अगदी कपाळावर, आणखी एक. गोल, ठसठशीत.

सरांनी पट्टी खिडकीशी नेली. मग म्हणाले, "टिकली लावून आली की हो!"

तेव्हापासून त्या ठिपक्याचं नाव टिकली. मी पुन्हा अकोल्याला गेले, पुन्हा कुप्या आणल्या, पुन्हा टिकली. अमरावतीच्या माशीला ती कधीच यायची नाही. अकोल्याच्या माशीला हटकून यायची. मी तर हॉस्टेलवर अमरावतीच्या पोरींना चिडवायलाही लागले की तुमच्या गावच्या माश्यासुद्धा ओक्याबोक्या. सर त्या दिवसांत चिडायचे बंद झाले होते. एकदा तर गुणगुणताना ऐकलं मी त्यांना, आणि गडी दाराआडून मला खुणावत होता की बघा, बघा.

दिवाळी आली, माश्यांचा हंगाम संपला, आईनं भिंत लिंपली. थंडीत सरांनी लेख लिहिला. अकोल्याची माशी ही वेगळी जात आहे, तिच्या ग्रंथीच्या रसात अमरावतीच्या माशीत नसलेला एक पदार्थ आहे, आणि तो दर वेळी आहे. लेख टाइप झाला. आता सोबत जोडायला पट्टीचा एक चांगला फोटो हवा होता. फोटोवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून मी दुपारी नवी पट्टी करायला बसले.

पाच रांगा आखल्या. दोन अमरावतीच्या, दोन अकोल्याच्या. पाचवी उरली. मला रिकामी जागा बघवत नाही, हा माझा जुना रोग आहे; ताटात, कपाटात, कुठंच नाही. उरलेल्या कुप्यांत एक कुपी होती, अकोल्याहून आणलेली. हंगामातल्या एका सकाळी तिकडं आभाळ भरून आलं होतं, एकही माशी बाहेर पडली नव्हती, म्हणून ती कुपी बोळा-बुचासकट तशीच परत आली होती. नुसतं ईथर. म्हटलं, हाच थेंब ठेवू, ठिपका काही येणार नाही, फोटोत बरोबरीला कोरी रांग दिसेल.

आयोडीनमधून पट्टी काढली तर पाचव्या रांगेत खालचे तिन्ही ठिपके नव्हते. वर टिकली होती.

मी पट्टी उलटी करून पाहिली, वेडीसारखी. कुपीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग आईच्या डब्यातला उरलेला कापूस घेतला, ताज्या ईथरमध्ये बुडवला आणि त्याचा थेंब नव्या पट्टीवर ठेवला. शेजारी दवाखान्यातल्या कापसाचा. दवाखान्याच्या कापसाची रांग कोरी. आईच्या कापसाच्या रांगेत टिकली, पहिल्यापेक्षा ठळक.

खाली बसले मी. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मूळचंच मेणाचं पातळ अस्तर असतं. म्हणून तर कच्चा कापूस पाण्यात टाकला तर तरंगतो, भिजत नाही. दवाखान्याचा कापूस पाणी पिऊन घ्यावा म्हणून ते मेण धुऊन काढतात. हे सगळं मला येत होतं! कापसाच्या मुलखात जन्मलेली मी, परीक्षेत लिहिलं असतं. पण आईचा कापूस स्वच्छ होता, देवाला चालत होता, आणि स्वच्छ म्हटल्यावर आम्हा अकोल्याच्या माणसांच्या डोक्यात पुढचं काही आलंच नाही. मेणाच्या तबकाला आम्ही हात लावला नव्हता आणि मेणाचा बोळा मात्र प्रत्येक कुपीच्या तोंडात कोंबला होता.

इथं शहाण्या माणसानं संध्याकाळपर्यंत थांबून, सर एकटे सापडल्यावर, हळूच सांगितलं असतं. माझ्या अंगात थांबणं नाही. मी दोन्ही पट्ट्या घेऊन तशीच सरांच्या खोलीत घुसले. तिथं लेख टाइप झाल्याच्या आनंदात चार सहकारी जमले होते, सरांनी चिवडा आणि चहा मागवलेला होता. मी दारातूनच म्हटलं, "सर, यात माशीच नाही, तरी टिकली आली! ती माशीची नाहीच सर, कापसाची आहे."

सगळ्यांचे हात बशीत थांबले. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक तिथं होते, ते हसून म्हणाले, "म्हणजे सरांनी कापसाची नवी जात शोधली म्हणा की!" कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. सरांचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"माणसं बसून राहिली, हे दिसत नाही का तुले, पोरी?" सर म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणाले. नेहमीसारखे कडाडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मंडळी उठून गेल्यावर ते प्रयोगशाळेत आले. बाह्या वर केल्या. म्हणाले, "आता मी करतो." स्वतः लेप दिला, स्वतः थेंब ठेवले, मला कशालाही हात लावू दिला नाही. टिकली आली. त्यांनी पट्टी उजेडात धरली, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळून खिडकीबाहेर बघत राहिले. अंगणात गडी सायकल पुसत होता.

दुसऱ्या दिवशी ते रसायनवाले प्राध्यापक पुन्हा आले. चेष्टेखोर होता तो माणूस, पण वाईट नव्हता. सरांचं काय जातं आहे हे त्यालाही कळत होतं. म्हणाला, "लेख धाडून द्या सर. टिकली कापसाची निघाली म्हणून माशी एक आहे असं थोडंच ठरलं? कापसाखाली माशीचं काही झाकलं गेलं असेल. आणि तिकडं कोणाच्या घरी कच्चा कापूस पडला आहे, कोण तपासतो?" सरांच्या टेबलावर लेख होता, पाकीट होतं, तिकिटंही लावलेली होती. एप्रिलमध्ये सर निवृत्त व्हायचे होते आणि भिंतीतली माशी भादव्याशिवाय बाहेर यायची नव्हती. आता नाही धाडला तर निवृत्तीच्या आत काहीच नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा मिटलं. सांगायचं ते मी सांगून बसले होते.

सर म्हणाले, "झाकलं असेल तर उघडून पाहू की. भादव्यात." आणि पाकीट खणात टाकलं.

एप्रिलमध्ये निरोप समारंभ झाला. हार, नारळ, शाल. बोलणाऱ्यांना बोलायला फार काही सापडेना. वक्तशीर होते, कडक होते, विद्यार्थ्यांवर प्रेम होतं. संशोधनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मागच्या रांगेत बसून मी संतापानं रडले. कोणावर संतापले होते सांगता येत नाही. कापसावर कोण संतापणार?

माझा प्रबंध मी लांबवला. वडील म्हणाले, "एक वर्ष अजून?" मी म्हटलं, "हो, एक वर्ष अजून."

भादव्यात सर स्वतः अकोल्याला आले. पांढरं धोतर, हातात पिशवी, पिशवीत काचेची बुचं असलेल्या नव्या कुप्या, स्वतःच्या खर्चानं नागपूरहून आणलेल्या. बुचाखाली आता काहीच घालायचं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी आमच्या गावची माशी टाचणीलाच पाहिली होती, नाहीतर घाईघाईत कुठं तरी. आता नोकरी नव्हती, घाई नव्हती. आईनं भिंतीसमोर पाट टाकला. सर त्यावर बसले आणि माश्या बघत राहिले. पाठीमागून बघताना मला ते एकदम म्हातारे दिसले.

आईला सारं प्रकरण मी सांगितलेलंच होतं. ती चहा घेऊन गेली आणि न राहवून म्हणाली, "सर, माह्या कापसानं घात केला म्हंते ही. पण माह्या कापसात काही खोट नव्हती, सांगून ठेवते."

"खोट नव्हती ना ताई," सर म्हणाले. "कापूस एक नंबर होता. आमालेच कापूस समजला नाही."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं सरांच्या नजरेच्या रोखानं भिंतीकडं पाहिलं आणि सांगितलं की यंदा दिवाळीपर्यंत काय, तुम्ही म्हणाल तोवर मी ही भिंत लिंपत नाही. आईच्या तोंडून असं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

माश्या मी धरल्या, ग्रंथी मी काढल्या; सर शेजारी बसून कुप्या धुऊन देत राहिले. बडनेऱ्यापर्यंत कुप्यांची पेटी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. अमरावतीला प्रयोगशाळेत नवे विभागप्रमुख आले होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पण सर विद्यार्थ्यांच्या उंच स्टुलावरच बसले.

पट्टी मी केली. दोन अमरावतीच्या रांगा, दोन अकोल्याच्या, पाचवी नुसत्या ईथरची. द्रावण वर चढायला लागलं. देवाचं मी फारसं करत नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. काहीतरी वेगळं असू दे. टिकली नसू दे, खाली एखादा बारका ठिपका असू दे, चौथा, अंधुक, कसाही. पण अकोल्याच्या रांगेत असू दे आणि अमरावतीच्या नको.

आयोडीनमधून पट्टी काढली. पाचवी रांग कोरी होती. बाकी चारही रांगांत तीन तीन ठिपके, सारख्या उंचीवर, सारख्या आकाराचे. कुठंही काही झाकलेलं नव्हतं. त्या चार रांगांतली अमरावती कोणती आणि अकोला कोणतं, हे खालची अक्षरं वाचल्याशिवाय मलासुद्धा सांगता आलं नसतं.

सरांनी चष्मा वर सरकवून पट्टी डोळ्यांजवळ नेली. पहिली रांग, दुसरी, तिसरी, चौथी. मग पुन्हा मागं. "पट्टी स्वच्छ आली हो," ते म्हणाले. "इतकी स्वच्छ पट्टी आपल्याला आजवर जमली नव्हती." त्यांनी ती माझ्या हातात दिली. "लिहा प्रबंधात. माशी एक. कापसाचं सगळं लिहा, बोळ्याचा नियम माझा होता तेही लिहा. आणि त्या संग्रहालयवाल्याला मी आज पत्र टाकतो, की तुमचंच बरोबर होतं."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "सर, मी ती पाचवी रांग भरलीच नसती तर!"

"तर खोटं छापलं गेलं असतं," ते म्हणाले. "रडू नका बाई. पुसा डोळे."

मी डोळे पुसले. नवी जात म्हटली की तिला नाव द्यावं लागतं, आणि सरांच्या लेखात नावाची जागा टाइपिस्टनं कोरी सोडलेली होती. नाव ते शेवटी स्वतःच्या हातानं लिहिणार होते. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. न राहवून मी विचारलं, "सर, नाव काय ठेवणार होता तिचं?"

सर स्टुलावरून उतरले, पिशवी उचलली. दाराशी पोचल्यावर म्हणाले, "जे लेकरू झालंच नाही, त्याचं नाव नसते सांगत, पोरी."

मग गड्याला हाक मारून त्यांनी रिक्षा आणायला सांगितली. ते नाव मला आजतागायत माहीत नाही.